फोटो एडिटिंगची खोली: आधी दिवा, मग मॉनिटर

लग्नाचा अल्बम छापून आला की स्टुडिओत सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "स्क्रीनवर बरोबर होतं, प्रिंट काळी आली." त्याच्या पाठोपाठ रंगाची तक्रार येते. हळदीचे फोटो निळसर पडले, शालूचा लाल विटकरी झाला, नाहीतर नको इतका भडकला. मग लॅब बदलली जाते, मॉनिटर बदलला जातो, मॉनिटरचे रंग मोजून जुळवणारा कॅलिब्रेटर मागवला जातो. खोलीतल्या ट्यूबकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात बहुतेक एडिटिंग दुकानाच्या मागच्या खोलीत, घराच्या माडीवर किंवा पोटमाळ्यावर चालतं आणि तिथला उजेड दिवसातून चार वेळा बदलतो. डोळा प्रत्येक वेळी त्या उजेडाशी जुळवून घेतो. दुपारी बरोबर वाटलेला चेहरा रात्री पिवळा वाटतो तो यामुळेच. फाइल तीच असते, बघणारा डोळा बदललेला असतो.

म्हणून क्रम ठरलेला ठेवा. आधी खोलीचा उजेड कायम करायचा, मग त्याला धरून मॉनिटर लावायचा, शेवटी प्रिंट बघायची जागा तयार करायची. उलट्या क्रमाने केलं तर महागातला कॅलिब्रेटरही बदलत्या खोलीवर उपाय करू शकत नाही.

किती उजेड हवा

आपण ज्या एसआरजीबी रंगसंचात फोटो लॅबला पाठवतो, त्याच्या मानकातच बघण्याची खोली गृहीत धरलेली आहे: खोलीत ६४ लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) आणि पडद्याचा पांढरा ८० निट (पडद्यातून डोळ्याकडे येणाऱ्या उजेडाचं माप). काटेकोर काम करणारे खोली याहूनही कमी, ३२ लक्सच्या आसपास ठेवतात. आपल्यासाठी ३० ते ६० लक्स हा पट्टा धरा. दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीवर २० वॅटची एलईडी पट्टी लावली की टेबलावर सहज शंभराच्या वर लक्स पडतात. दुकानाचा काउंटर तीनशे-पाचशेला असतो. म्हणजे नेहमीच्या खोलीतला उजेड गरजेच्या दोन-तीन पटींपासून दहापटीपर्यंत जास्त असतो.

जास्त उजेडाने नेमकं काय बिघडतं ते आकड्यांत बघू. ५०० लक्सच्या खोलीत मॅट पडद्याने २ टक्केच उजेड परत फेकला असं धरलं, तरी पडद्यावर सगळीकडे सुमारे ३ निटचा पांढुरका थर बसतो. १२० निटवर लावलेल्या आणि १०००:१ कॉन्ट्रास्ट (पांढरा काळ्याच्या हजारपट उजळ) असलेल्या मॉनिटरचा स्वतःचा काळा असतो जेमतेम ०.१२ निट. म्हणजे तुम्ही बघताय तो काळा खऱ्या काळ्याच्या पंचवीसपट उजळ आहे. नवरदेवाच्या काळ्या कोटाची घडी, अंबाड्याच्या केसांतला तपशील, सगळं त्या थराखाली जातं. एडिटर सावल्या उचलतो, मग चित्र फिकट वाटतं म्हणून कॉन्ट्रास्ट वाढवतो, आणि ब्राइटनेस आधीच शंभर टक्क्यांवर असतो. अशा पडद्यावर 'बरोबर' केलेली फाइल कागदावर काळीच येणार.

मग पूर्ण अंधार करावा का? नाही. आजूबाजूला काळोख असला की पडद्यावरच्या सावल्या डोळ्याला आहेत त्यापेक्षा उजळ आणि चित्र मवाळ वाटतं. त्यामुळे हात आपोआप कॉन्ट्रास्टकडे जातो आणि तो फोटो उजेडात बघितला की करकरीत दिसतो. शिवाय तासाभरात डोळे चुरचुरायला लागतात.

मोजण्यासाठी लक्स मीटर विकत घ्यायची गरज नाही, कॅमेरा पुरतो. मॉनिटर बंद करा. १८ टक्के उजेड परत फेकणारं राखाडी ग्रे कार्ड पडद्याला टेकवून, आपल्याकडे तोंड करून उभं धरा. कॅमेरा आयएसओ ८००, अॅपर्चर एफ ४, स्पॉट मीटरिंग. कार्डाने फ्रेम भरा आणि आपली सावली कार्डावर पडू देऊ नका. मीटर मध्यावर यायला शटर १/८ लागलं तर खोलीत साधारण ४० लक्स आहेत. १/४ म्हणजे २०, १/१५ म्हणजे ८०. ग्रे कार्डाच्या जागी पांढरा कागद धरू नका, आकडा चार-पाच पटीने फुगतो. मोबाइलची अॅप अंदाजापुरती ठीक, पण दोन फोन दोन आकडे दाखवतात.

दुसरी चाचणी थेट पडद्यावर. फोटोशॉपमध्ये काळी फाइल उघडा आणि तिच्यावर चौकोन काढा: आरजीबीचे (लाल, हिरवा, निळा) तिन्ही आकडे २, मग ४, ६, असं करत २० पर्यंत. बऱ्या मॉनिटरवर, योग्य खोलीत, ४ किंवा ६ चा चौकोन नीट बघितल्यावर काळ्यापासून वेगळा दिसतो. १४-१६ पर्यंत काहीच दिसत नसेल आणि दिवा मालवल्यावर दिसू लागलं, तर दोष खोलीचा आहे.

खिडकी

बाहेरच्या मार्गदर्शकांत 'उत्तरेची खिडकी सर्वात स्थिर' असं लिहिलेलं असतं. ते युरोप-अमेरिकेसाठी खरं आहे. बेळगाव साधारण १५.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्यही आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीतून आत शिरतं. म्हणजे वैशाखातल्या लग्नांच्या गर्दीत, कामाचा ढीग सगळ्यात मोठा असतो तेव्हाच, उत्तरेची खिडकी दगा देते. आपल्याकडे दिशा कुठलीही असो, रंगाचं काम करताना खिडकी झाकायची.

उजेडाबरोबर बाहेरचा रंगही आत येतो. अंगणात फणस-आंबा असेल तर पानांवरून उसळलेला हिरवा उजेड, समोर जांभ्याची भिंत किंवा तांबड्या मातीचं अंगण असेल तर तांबूस. आषाढात ढगाळ निळसर राखाडी. एकाच खिडकीतून वर्षभरात तीन-चार रंगांचा उजेड येतो. बाजारातल्या दुकानात याला रात्री समोरच्या पाटीच्या लाल-हिरव्या दिव्यांची भर पडते. गणपतीच्या दिवसांत तर गल्लीतली रोषणाई भिंतीवर नाचत असते.

खिडकीचा पडदा राखाडी किंवा काळ्या ब्लॅकआउट कापडाचा घ्या. भगवा, हिरवा, फुलाफुलांचा नको. दांडी चौकटीच्या सहा इंच वर आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच बाहेर येईल अशी लावा, नाहीतर कडेच्या फटीतून येणारी उन्हाची पट्टी नेमकी मॉनिटरवर पडते. टेबल असं मांडा की खिडकी तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला येईल. पाठीमागे असली तर ती मॉनिटरमध्ये दिसते, समोर असली तर डोळे दिपतात.

जुन्या कौलारू घरात काचेचं कौल ही वेगळी अडचण. त्यातून पडणारा कवडसा दिवसभर खोलीत सरकत असतो. कौलाला वरून रंग फासू नका. खालून, रिपांना अडकवता येईल असा हार्डबोर्डचा तुकडा बसवा आणि तो काढता येईल असाच ठेवा, पावसाळ्यात गळती बघायला लागतेच.

दिवा निवडताना

इलेक्ट्रिकच्या दुकानात तीन रंगांचे बल्ब मिळतात: ३००० केल्विनच्या आसपासचा वॉर्म व्हाइट, ४००० चा नॅचरल व्हाइट आणि ६५०० चा कूल डेलाइट. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा वाढेल तसा उजेड पिवळ्याकडून निळ्याकडे जातो. एडिटिंगच्या खोलीत पिवळा वॉर्म बल्ब नको. त्या उजेडात डोळा पिवळ्याला सरावतो आणि पडदा निळा वाटू लागतो. मग एडिटर फोटो आणखी पिवळा करतो. ५००० ते ६५०० केल्विनमधला दिवा घ्या. ५००० चा मिळाला तर उत्तम, कारण प्रिंट बघायचं मानकही तेच आहे.

पण केल्विनपेक्षा महत्त्वाचा आकडा सीआरआयचा. हा दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचं हे १०० पैकी माप. साधे घरगुती एलईडी बल्ब बहुधा ८० चे असतात. आपल्याला किमान ९०, जमल्यास ९५ हवा. आणि इथे एक पळवाट आहे, ती लक्षात ठेवा. सीआरआयचा मुख्य आकडा आठ फिकट रंगांच्या नमुन्यांची सरासरी असतो. गडद लाल हा नववा नमुना, आर-९, त्यात मोजलाच जात नाही. म्हणून ८० सीआरआयच्या दिव्यात लाल अगदीच मेलेला असू शकतो. कुंकू, शालू, मेंदी, गोऱ्या-सावळ्या त्वचेखालचा लालसरपणा, आपल्या कामातलं सगळं महत्त्वाचं लालात आहे. खोक्यावर आर-९ दिलेला असेल तर ५० च्या खालचा घेऊ नका, ९० च्या आसपासचा मिळाला तर सोडू नका.

खोक्यावर काहीच लिहिलेलं नसेल तर घरातली चाचणी करा. गडद मरून रंगाच्या खणाचा तुकडा, चिमूटभर कुंकू आणि हळकुंड एका पांढऱ्या कागदावर ठेवा. सकाळी दहा-अकराच्या सुमारास दारात, उन्हात नव्हे तर सावलीत, नीट बघून घ्या. मग तोच कागद त्या बल्बखाली न्या आणि दोन मिनिटं डोळे स्थिरावू द्या. खणाचा मरून चॉकलेटी-काळपट झाला, कुंकू विटकरी दिसलं, हळकुंडाला हिरवट झाक आली, तर तो दिवा जिन्यात लावायच्या लायकीचा. असल्या दिव्याखाली प्रिंट बघून लाल कमी पडला म्हणून फाइलमध्ये वाढवलात, तर उजेडात नवरीचा चेहरा भाजल्यासारखा दिसेल.

लुकलुकण्याचीही तपासणी करा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही पण डोकं दुखतं. मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये दिवा शूट करा, पट्टे सरकताना किंवा उजेड धडधडताना दिसला तर बल्ब परत करा. ज्या स्वस्त बल्बांत वीज नियंत्रित करणारा वेगळा ड्रायव्हर नसून एलईडीच्या पाटीवरच सगळं बसवलेलं असतं, त्यांत हा दोष जास्त. शिवाय व्होल्टेज खालीवर झालं की त्यांचा उजेडही खालीवर होतो. खेड्याकडे, संध्याकाळी मोटारी सुरू झाल्यावर, हा फरक सहज दिसतो.

चांगला दिवा शोधत फिरण्याआधी आपली बॅग उघडा. व्हिडिओ शूटिंगचं एलईडी पॅनल बऱ्याच फोटोग्राफरांकडे असतंच आणि त्यातली बरीचशी ९५ सीआरआयची असतात. दोन रंगांचं असेल तर ५००० वर लावा, उजेड पाच-दहा टक्क्यांवर आणा, तोंड छताकडे करा. यापेक्षा चांगला खोलीचा दिवा सहसा मिळत नाही. फक्त कमी उजेडावर लुकलुकतं का ते आधी बघा.

दिवा कुठलाही असो, तो उघडा दिसता कामा नये. मॉनिटरच्या मागे किंवा बाजूला, छताकडे तोंड करून लावा. दहा बाय दहाच्या खोलीत पांढऱ्या मॅट छतावरून उसळवलेला ९ वॅटचा एक बल्ब टेबलावर ३० लक्सच्या आसपास देतो, म्हणजे काम भागलं. उजेड कमी करायला पंख्याचा रेग्युलेटर किंवा साधा डिमर लावू नका, सामान्य एलईडी त्यावर थरथरतो. वॅट कमी करा किंवा दिवा लांब न्या.

भिंती आणि टेबल

पांढरी भिंत म्हणजे बिनरंगी भिंत असं समजू नका. चुन्यात नीळ टाकून पांढरी केलेली भिंत निळसर असते, जुनं डिस्टेंपर पिवळट. शिवाय आपल्याकडे पोपटी, गुलाबी, आकाशी भिंतींची हौस आहे, आणि तो रंग आपल्या डोळ्यावर दिवसभर परावर्तित होत असतो. सगळी खोली रंगवायची गरज नाही. दोन भिंती पुरेत: मॉनिटरच्या मागची, जी डोळ्यासमोर असते, आणि तुमच्या पाठीमागची, जी पडद्यात दिसते. पहिली मध्यम-फिकट राखाडी, दुसरी थोडी गडद. छत पांढरं मॅटच राहू द्या.

खरा राखाडी मिळवणं हेच कठीण. शेड कार्डावरचे बहुतेक ग्रे निळ्याकडे किंवा तपकिरीकडे झुकलेले असतात. शेडचा तुकडा ग्रे कार्डाला चिकटवून दाराच्या सावलीत रॉ फोटो काढा, व्हाइट बॅलन्स ग्रे कार्डावरून घ्या आणि शेडवर आरजीबी वाचा. तिन्ही आकडे एकमेकांपासून तीन-चारच्या आत असतील तर तो शेड घ्या. मॅट फिनिशच सांगा, चकाकी अजिबात नको. दहा बाय दहाच्या दोन भिंतींना दोन हात द्यायला चार लिटरचा डबा पुरून उरतो. जांभ्याची भिंत ओल धरते, म्हणून हे काम दिवाळीनंतर, भिंत सुकल्यावर काढा. पावसाळ्यात दिलेला राखाडी रंग डाग पडून ढगाळ होतो.

टेबलाच्या लाकडी सनमाइकावर राखाडी कापड अंथरा. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बाजूला हलवा. खोलीत देव्हारा असेल आणि त्यात लाल झिरोचा बल्ब असेल तर तो मॉनिटरमध्ये दिसणार नाही अशा बाजूला असू द्या. तुमचा शर्टही पडद्यात उमटतो, तेव्हा रंगाच्या कामाला राखाडी किंवा काळा घाला. डेस्कटॉपचा वॉलपेपर राखाडी.

पडद्यामागचा अंधार घालवायला मॉनिटरच्या मागे छोटा दिवा लावणं फार उपयोगी, त्याने डोळ्यांचा शीण कमी होतो. तो मात्र ६५०० केल्विनचा आणि ९० सीआरआयच्या वरचा हवा, रंग बदलणारी पट्टी नको. भिंतीचा उजेड पडद्याच्या पांढऱ्याच्या दहाव्या हिश्श्याइतका ठेवा. भिंतीवरच मीटर धरलात तर आयएसओ ८००, एफ ४ ला शटर १/५० च्या आसपास यावं.

मॉनिटरवर बाजूचा उजेड पडू नये म्हणून लावायचा हुड घरीच होतो. काळ्या फोम बोर्डाच्या तीन पट्ट्या, एक वर, दोन बाजूंना, नऊ-दहा इंच खोल, आतून काळं मखमल चिकटवलेलं. चकचकीत पडद्याच्या लॅपटॉपला तर हुडशिवाय रंगाचं काम करूच नये.

आता मॉनिटर

खोली कायम झाली की लॅपटॉपचा ऑटो ब्राइटनेस, नाइट लाइट, रंग आपोआप बदलणाऱ्या सगळ्या सोयी बंद करा. मॉनिटर अर्धा तास तापू द्या. कॅलिब्रेटर असेल तर ६५०० केल्विन, गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात त्याचा आकडा) २.२ आणि १०० ते १२० निट. नसेल तर किमान ब्राइटनेस तरी कॅमेऱ्याने लावता येतो. पूर्ण पडद्यावर पांढरं चित्र उघडा, आयएसओ १००, एफ ५.६, आणि पांढऱ्यावर मीटर धरा. शटर १/३० आलं तर पडदा सुमारे १२० निटवर आहे. १/२५ म्हणजे १००. पहिल्यांदा मोजताना बऱ्याच जणांना १/६० किंवा १/८० दिसतं, आणि काळ्या प्रिंटचं उत्तर तिथेच मिळतं. कमी केल्यावर पहिले दोन दिवस पडदा मळकट वाटतो. तिसऱ्या दिवशी तोच बरोबर वाटू लागतो, तोवर ब्राइटनेसच्या बटणाला हात लावू नका.

प्रिंट बघायची जागा

४० लक्सच्या खोलीत प्रिंट हातात घेतली तर ती काळीच दिसणार, तिला स्वतःचा उजेड नाही. प्रिंट बघण्याच्या आयएसओ ३६६४ या मानकात ५००० केल्विनचा दिवा आणि नेहमीच्या परीक्षणासाठी ५०० लक्स सांगितले आहेत. काटेकोर तुलनेसाठी २०००. आपल्याला ४०० ते ५०० पुरे. त्यामागे हिशेब आहे: चांगल्या पांढऱ्या कागदावर ४२० लक्स पडले की कागदाचा पांढरा सुमारे १२० निट होतो, म्हणजे पडद्याच्या पांढऱ्याबरोबर.

शेड असलेला टेबल लॅम्प, त्यात ५००० केल्विन, ९५ सीआरआयचा ९ वॅटचा बल्ब, कागदापासून साधारण दीड फुटावर. ग्रे कार्डावर आयएसओ ८००, एफ ४ ला शटर १/८० आलं की ४०० लक्स, १/१०० आलं की ५००. त्याप्रमाणे लॅम्प खालीवर करा. उजेड ४५ अंशांनी तिरपा पडू द्या, समोरून पडला तर ग्लॉसी आणि करिझ्मा अल्बमच्या पानांवर चकाकी येते. ही जागा मॉनिटरला खेटून नको, बाजूला किंवा मागे ठेवा आणि बघून झालं की दिवा बंद. पडदा ६५०० चा आणि लॅम्प ५००० चा असल्याने एका नजरेत दोन्ही पांढरे जुळणार नाहीत. मान वळवा, अर्धा मिनिट थांबा, मग रंग ठरवा.

पुष्कळशा फोटो कागदांत पांढरेपणासाठी चकाकणारी द्रव्यं घातलेली असतात. ती अतिनील किरणांनी उजळतात. उन्हात ते असतात, साध्या एलईडीत जवळपास नसतात. म्हणून तीच प्रिंट गिऱ्हाइकाच्या अंगणात जास्त पांढरी-निळसर आणि तुमच्या लॅम्पखाली किंचित पिवळट दिसली तर लॅबशी भांडू नका. अल्बम कोल्हापूरला छापा की हुबळीला, आधी त्वचा, शालू, हळद, काळा कोट आणि राखाडी पट्टी असलेली एक ए-४ चाचणी छापून घ्या. ती लॅम्पजवळ पाकिटात घालून अंधारात ठेवा आणि लॅबने कागद बदलला की नवी काढा.

वीज गेल्यावर

इन्व्हर्टरवर खोलीचा दिवा तोच राहील अशी वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. बऱ्याच घरांत एडिटिंगचा दिवा मेनवर आणि बाहेरच्या खोलीतला पिवळा बल्ब इन्व्हर्टरवर असतो, त्यामुळे वीज गेली की उजेडाचा रंगच बदलतो. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर काही एलईडी गुणगुणतात आणि थरथरतात, साइन वेव्हचा असेल तर हा त्रास होत नाही. बॅटरीवाला इमर्जन्सी बल्ब वीज गेल्यावर निम्म्याहून कमी उजेड देतो आणि बॅटरी उतरत जाईल तसा मंदावतो, तेव्हा त्याच्या भरवशावर रंग बघू नका. दिवा बदलावाच लागला तर तेवढ्या वेळात फोटो निवडणं, क्रम लावणं, पानांची मांडणी ही कामं उरका. वीज आली, मॉनिटर पुन्हा तापला आणि डोळे पाच मिनिटं स्थिरावले की मग रंगाला हात घाला.